गोष्टी लिहिणाऱ्या बापाची झडप

‘चार्ली अँड द चॉकलेट फॅक्टरी’चे लेखक रोआल्ड डाल मुलांना चांगलेच ठाऊक आहेत. मेंदूच्या शस्त्रक्रियेच्या इतिहासातही त्यांचे नाव आहे, हे मोठ्यांनाही सहसा माहीत नसते. वेल्समध्ये 1916 साली जन्मलेले डाल दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात वैमानिक होते. पुढे ते लेखनाकडे वळले.

डिसेंबर 1960 मध्ये न्यूयॉर्कमधल्या एका रस्त्यावर त्यांच्या मुलाच्या बाबागाडीला टॅक्सीने धडक दिली. थिओ तेव्हा अवघा चार महिन्यांचा. कवटीला जबर मार बसूनही बाळ वाचले, पण मेंदूत पाणी साचू लागले. मेंदूत रोज थोडा द्रव तयार होतो आणि रक्तात शोषला जातो. ही वाट बंद झाली, की साचलेल्या पाण्याचा दाब मेंदूवर येतो. अशा वेळी बारीक नळी घालून ते पाणी शरीरात दुसरीकडे वळवतात. मात्र नळीत एकाच दिशेने उघडणारी झडप लागते. त्या काळच्या झडपांत बारीक फटी असत आणि रक्तस्राव झालेल्या मेंदूतला गाळ नेमका तिथे अडके. नळी तुंबली की थिओची नजर जाई. मग पुन्हा शस्त्रक्रिया. हे एकदा नव्हे, अनेकदा झाले.

बाप हताश होऊन बसला असता तर नवल नव्हते. कुटुंब इंग्लंडला परतल्यावर डाल यांना स्टॅन्ले वेड आठवले. डाल यांना छोटी विमाने उडवण्याचा नाद होता आणि वेड हे अशा विमानांची इंजिने बनवणारे हायड्रॉलिक्सचे जाणकार. इंजिनाला इंधन पुरवणारे त्यांचे इवलेसे पंप तुंबत नसत. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयातले मेंदूचे सर्जन केनेथ टिल यांची आणि वेड यांची गाठ डाल यांनी घालून दिली. नेमकी अडचण काय हे टिल यांनी सांगायचे, धातू कसा घडवायचा हे वेड यांनी बघायचे आणि डाल यांनी दोघांच्या मागे लागायचे, अशी जणू वाटणीच झाली.

त्यातून जी झडप तयार झाली तिच्यात फटीच नव्हत्या. सिलिकॉन रबराच्या नळीच्या दोन्ही टोकांना धातूची छोटी घरे आणि प्रत्येक घरात मोकळी हलणारी एक चकती. पाणी आले की चकती सरके, उलटे येऊ लागले की तोंड बंद करी. गाळ अडकायला जागाच कमी. निर्जंतुक करायला ती सोपी होती आणि आधीच्या झडपांपेक्षा बरीच स्वस्तही. तिघांनीही तिच्यावर नफा घ्यायचा नाही असे ठरवले होते.

1962 मध्ये ती पहिल्यांदा वापरली गेली, पण एका दुसऱ्याच मुलासाठी. तोवर थिओ इतका सावरला होता, की त्याला तिची गरज उरली नव्हती. टिल यांनी 1964 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये या झडपेवर लिहिले, ‘चार्ली’ही त्याच वर्षी आली. पुढे अधिक चांगल्या झडपा निघाल्या. तोवर जगभरातल्या दोन-तीन हजार मुलांच्या डोक्यात वेड-डाल-टिल झडप बसली होती.