कर्मवीर भाऊराव पाटील आणि वसतिगृहाची पंगत

भाऊराव पायगोंडा पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे जैन कुळात झाला. कोल्हापुरास शिकत असता ते आपल्याच समाजाच्या वसतिगृहात राहत. अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभास जाऊन आल्यावर शुद्धीचे स्नान करण्यास त्यांनी नकार दिला, आणि तेथील आश्रय गमावला. पुढे राजर्षी शाहू महाराजांचा सहवास त्यांस लाभला. त्यांचे स्वतःचे शालेय शिक्षण मात्र अपुरेच राहिले.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली. १९२४ मध्ये संस्थेचे कार्य साताऱ्यास आले. तेथील वसतिगृहात मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान अशा सर्व ज्ञातींची मुले एकत्र राहू लागली. चूल एक, पंगत एक. स्वयंपाक, झाडलोट, शेतातील श्रम ही कामे मुलांनीच करावयाची. जन्मावरून कामाची वाटणी नाही. समतेवर व्याख्याने देणारे त्या काळीही पुष्कळ होते, परंतु व्याख्यान ऐकून घरी परतलेला श्रोता आपल्या पंक्तीतच जेवावयास बसे. ज्याने थापलेली भाकरी आपण खाल्ली, त्यास दुसऱ्या दिवशी दूर बसविणे मुलास अवघड जाते, ही गोष्ट भाऊरावांनी नेमकी ओळखली होती. बाहेर टीका होत राहिली. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाचे श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले.

या पंगतीचा खरा भार सौ. लक्ष्मीबाईंनी वाहिला. कर्मठ संस्कारांत वाढलेल्या या माउलीस सोवळे सोडणे सोपे नव्हते. पतीच्या निर्धारापेक्षाही तिचे हे पाऊल कठीण म्हणावे लागेल. पण एकदा त्या मुलांना आपली म्हटल्यावर तिने हात आखडला नाही. कोठीतील धान्य संपे तेव्हा तिचे दागिने एकेक करून गेले. शेवटी मंगळसूत्रही गेले. १९३० साली तिचे निधन झाले.

भाऊरावांनी काम थांबविले नाही. १९३५ मध्ये शिक्षकांसाठी अध्यापन विद्यालय आणि १९४७ मध्ये साताऱ्यास छत्रपती शिवाजी महाविद्यालय निघाले. ९ मे १९५९ रोजी त्यांचे देहावसान झाले. साताऱ्यास, त्याच मुलांच्या सान्निध्यात, त्यांची समाधी आहे.