विचारांचें गणित मांडणारा शिक्षक : जॉर्ज बूल

पोलादपूर सोडून खेडकडे निघालें कीं कशेडीचा घाट लागतो. आतां तेथें डोंगर पोखरून बोगदाही झाला आहे. तरी जुना वळणावळणांचा रस्ता आपल्या भागांतील पुष्कळांच्या ओळखीचा आहे. अशा घाटाच्या पायथ्याशीं रात्रीच्या वेळीं एक वाटसरू उभा आहे आणि त्यानें पुढें काय करावें हें आपण केवळ शब्दांनीं लिहून सांगावयाचें, असा एक खेळ संगणकावर खेळतां येतो. त्यांत चित्र नाहीं कीं आवाज नाहीं. ‘कंदील घे’, ‘दक्षिणेस जा’ असें आपण लिहावें आणि यंत्रानें वाट मोकळी आहे कीं बंद आहे तें सांगावें. या जातीचा पहिला प्रसिद्ध खेळ अमेरिकेंत विल्यम क्राउदर यांनीं १९७५-७६ च्या सुमारास रचला. त्यांना गुहा धुंडाळण्याचा नाद होता आणि केंटकी प्रांतांतील मॅमथ नांवाच्या अफाट गुहेंतील वाटाच त्यांनीं त्या खेळांत गुंफिल्या. पुढें १९७७ सालीं डॉन वुड्स यांनीं तो वाढविला. परंतु निर्जीव यंत्राला खरें-खोटें ठरवितां येतें तें कशाच्या बळावर? याचें मूळ शोधूं गेल्यास आपणांस त्याहून शंभरावर वर्षें मागें, एका जोडे शिवणाऱ्या कारागिराच्या घरीं जावें लागतें.

जॉर्ज बूल याचा जन्म इंग्लंडांतील लिंकन या गांवीं २ नोव्हेंबर १८१५ रोजीं झाला. त्याचे वडील जॉन बूल जोडे तयार करीत. परंतु त्यांचें चित्त धंद्यापेक्षां भिंगें व दुर्बिणी यांतच अधिक रमे. त्यामुळें घरांत ज्ञानाची आवड मोठी, पण पैशाची नेहमींच ओढाताण. गणिताचे पहिले धडे जॉर्जला वडिलांनींच दिले. लॅटिन भाषा त्याला गांवांतील एका पुस्तकविक्रेत्यानें शिकविली आणि ग्रीक तो स्वतःच शिकला. चौदाव्या वर्षीं त्यानें एका ग्रीक कवितेचें भाषांतर केलें व तें गांवच्या वर्तमानपत्रांत छापून आलें. तेव्हां एवढ्या लहान मुलाच्या हातून हें होणें शक्य नाहीं, अशी शंका एका शिक्षकानें उघडपणें बोलून दाखविली. गरीब मुलाच्या विद्वत्तेवर लोकांचा विश्वास सहजासहजीं बसत नाहीं, हा अनुभव त्याला असा लवकरच आला.

पुढें वडिलांचा धंदा बुडाला आणि आईबाप व भावंडें यांचा भार सोळा वर्षांच्या जॉर्जवर पडला. त्यानें डॉन्कास्टर येथें सहाय्यक शिक्षकाची नोकरी धरली. एकोणिसाव्या वर्षीं लिंकन येथें त्यानें स्वतःची शाळा काढली. दिवसा मुलांस शिकवावें व उरलेल्या वेळांत आपण शिकावें, असा त्याचा क्रम होता. गणिताचें पुस्तक सावकाश वाचावें लागतें, म्हणून थोड्या पैशांत तें पुष्कळ दिवस पुरतें, या हिशेबानें तो गणिताकडे वळला असें सांगतात. लाग्रांज व लाप्लास या फ्रेंच पंडितांचे कठीण ग्रंथ त्यानें कोणा गुरूच्या साहाय्यावांचून वाचले. विद्यापीठाचें तोंड त्यानें विद्यार्थी म्हणून कधींच पाहिलें नाहीं. तरी १८४४ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीनें त्याच्या निबंधास सुवर्णपदक दिलें. स्वतःच्या उन्नतींत गढून गेल्यामुळें इतरांचा विसर मात्र त्याला पडला नाहीं. दुकानांतील नोकरांस संध्याकाळीं लवकर सुट्टी मिळावी व तो वेळ त्यांना ज्ञानार्जनांत घालवितां यावा, म्हणून तो खटपट करीत असे.

आतां त्यांच्या मुख्य शोधाकडे वळूं. १८४७ सालीं एका लहान पुस्तकांत, आणि १८५४ सालीं ‘विचारांचे नियम’ या अर्थाच्या मोठ्या ग्रंथांत, बूल यांनीं दाखवून दिलें कीं, संख्यांप्रमाणें विधानांचेंही गणित मांडतां येतें. खऱ्यास १ म्हणावें व खोट्यास ० म्हणावें. ‘आणि’ या शब्दाचें काम गुणाकार करतो. कारण दोहोंपैकीं एक जरी शून्य असेल तरी गुणाकार शून्यच येतो. ‘नाहीं’ म्हणावयाचें झाल्यास एकांतून वजा करावें. या गणितांत कोणत्याही अक्षराचा वर्ग त्या अक्षराएवढाच असतो. पांढऱ्या मेंढ्यांतून पुन्हां पांढऱ्या मेंढ्या निवडल्या, तर हातीं त्याच मेंढ्या येतात. आणि संख्यांत हा नियम ० व १ या दोनच अंकांस लागूं पडतो.

घाटाच्या आपल्या खेळांतच हें पाहूं. ‘कंदील हातांत आहे’ आणि ‘कंदिलांत तेल आहे’ हीं दोन विधानें घ्या. दोन्हीं खरीं असलीं तरच वाटसरूस अंधारांतून पुढें जाऊं द्यावयाचें आहे. खेळ रचणाऱ्यानें चुकून ‘आणि’ च्या जागीं ‘किंवा’ घातलें, तर रिकामा कंदील घेऊन वाटसरू खुशाल पुढें जाईल व खेळाचें सर्व मर्म नाहींसें होईल. आतां वाट अडवावयाची केव्हां? कंदीलही नाहीं व तेलही नाहीं, अशा वेळींच नव्हे, तर कंदील नसेल किंवा तेल नसेल, त्या प्रत्येक वेळीं. नकार देतांना ‘आणि’ चें ‘किंवा’ होतें, हा नियम बूल यांचे स्नेही ऑगस्टस डी मॉर्गन यांच्या नांवानें ओळखला जातो. हे डी मॉर्गन आपल्याच देशांत, मदुरा येथें १८०६ सालीं जन्मले होते. एका शब्दाच्या चुकीनें केवढा घोटाळा होतो, हें नवशिक्या खेळकर्त्यास पहिल्याच दिवशीं समजून येतें.

१८४९ सालीं आयर्लंडांतील कॉर्क येथें नव्या कॉलेजांत बूल यांची गणिताचे पहिले प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. पदवी नसलेल्या मनुष्यास हा मान मिळाला. १८५५ सालीं त्यांचा विवाह मेरी एव्हरेस्ट यांच्याशीं झाला. हिंदुस्थानचे सर्व्हेअर जनरल जॉर्ज एव्हरेस्ट, ज्यांचें नांव हिमालयाच्या सर्वोच्च शिखरास दिलें आहे, ते या मेरीबाईंचे चुलते. आपल्या पतीच्या विचारांवर भारतीय तत्त्वज्ञानाची छाया पडली होती, असें त्यांनीं पुढें लिहून ठेविलें. या दांपत्यास पांच मुली झाल्या. त्यांपैकीं अ‍ॅलिशिया ही चार मितींच्या भूमितींत आणि एथेल ही कादंबरीलेखनांत नांवाजली.

१८६४ च्या अखेरीस एके दिवशीं बूल घरून कॉलेजांत पायीं निघाले असतां मुसळधार पाऊस लागला. विद्यार्थी खोळंबतील म्हणून त्यांनीं भिजलेल्या कपड्यांनींच व्याख्यान दिलें. त्या दुखण्यांतून ते उठले नाहींत. ८ डिसेंबर १८६४ रोजीं, वयाच्या अवघ्या एकोणपन्नासाव्या वर्षीं, त्यांचा अंत झाला.

त्यांच्या गणिताचा व्यवहारांत कांहीं उपयोग होईल असें त्या काळीं फारसें कोणास वाटलें नव्हतें. परंतु १९३७ सालीं क्लॉड शॅनन या तरुण अमेरिकन विद्यार्थ्यानें आपल्या प्रबंधांत दाखविलें कीं, विजेचें बटण चालू असणें व बंद असणें म्हणजेच बूल यांचे १ व ०. त्या पायावर आजचे सर्व संगणक उभे आहेत.

विद्यार्थिमित्रहो, ज्याला शाळेची फी परवडली नाहीं, त्याच्या विचारांवर आज जगांतील यंत्रें चालतात. आपल्या घरीं पुस्तकें थोडीं आहेत म्हणून कोणीं खिन्न होऊं नये. जें एक हातीं असेल तें सावकाश व संपूर्ण वाचावें. आणि पालकांनींही, मुलानें स्वतः केलेलें काम त्याच्या वयाच्या मानानें मोठें दिसलें, तर प्रथम शंका न घेतां त्याच्याजवळ बसून तें पाहावें, एवढीच विनंती.