लक्ष्मणराव किर्लोस्कर

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर (जन्म : गुर्लहोसूर, बेळगाव जिल्हा, २० जून १८६९, मृत्यू : पुणे, २६ सप्टेंबर १९५६) हे मराठी उद्योजक, किर्लोस्कर उद्योगसमूहाचे संस्थापक आणि किर्लोस्करवाडी या औद्योगिक वसाहतीचे निर्माते होते. १९०३ साली त्यांनी तयार केलेला लोखंडी नांगर हा महाराष्ट्रातील शेतीच्या यांत्रिकीकरणाचा एक महत्त्वाचा टप्पा मानला जातो.

बालपण आणि शिक्षण

लक्ष्मणरावांचे वडील काशिनाथपंत हे वेदान्ताचे अभ्यासक होते. लक्ष्मणरावांचे मन मात्र शालेय अभ्यासापेक्षा चित्रकलेत आणि यंत्रांत अधिक रमत असे. १८८५ साली त्यांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत प्रवेश घेतला. काही रंगांतील भेद आपल्याला ओळखता येत नाही, हे तेथे लक्षात आल्यावर त्यांनी रंगकाम सोडले आणि यांत्रिक आरेखनाचा अभ्यास केला. पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिक्षक झाले. बढतीच्या वेळी त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन व्यक्तीची नेमणूक झाली, तेव्हा त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला व ते बेळगावला आले. तेथे थोरले बंधू रामूअण्णा यांच्यासह त्यांनी १८८८ सालीच सायकलींचे दुकान सुरू केले होते. किर्लोस्कर बंधू या नावाचा आरंभ याच दुकानापासून धरला जातो.

लोखंडी नांगर

सायकलींच्या व्यवसायातून दोघे बंधू शेतीच्या अवजारांकडे वळले. प्रथम त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र तयार केले आणि १९०३ साली लोखंडी नांगर बाजारात आणला.

या नांगराची गरज समजण्यासाठी दख्खनच्या काळ्या जमिनीचा स्वभाव ध्यानात घ्यावा लागतो. कृष्णाकाठी असो वा तापीच्या खोऱ्यात, आजच्या जळगाव व धुळे जिल्ह्यांत, ही जमीन पावसात फुगून चिकट होते आणि उन्हाळ्यात तडकून दगडासारखी कठीण बनते. हरळी आणि कुंदा यांची मुळे तिच्यात खोलवर जातात. लाकडी नांगर जमीन फाडतो, पण माती उलटी करीत नाही. त्यामुळे तणाची मुळे जागीच राहतात व पहिल्या पावसानंतर पुन्हा फुटतात. खोल नांगरट करायची तर सहा किंवा आठ बैल जुंपावे लागत आणि तेवढी जनावरे सामान्य शेतकऱ्याजवळ नसत. म्हणून खानदेशातील कपाशीच्या काळ्या रानात बहुतेक शेतकरी दरवर्षी वखराच्या पाळ्या देऊन मशागत करीत आणि नांगरट कैक वर्षांनी एकदा होई. लोखंडी नांगराचा वक्र पंख कापलेली माती पालथी घालतो. उन्हाळ्यात उलटलेली ढेकळे तापली की तणाची मुळे वाळून जातात.

नांगर लोखंडाचा असावा ही कल्पना नवी नव्हती. खानदेशात भडगाव येथील सरकारी शेतीक्षेत्रावर एकोणिसाव्या शतकातच सुधारित अवजारांचे प्रयोग झाले होते. इंग्लंडमधील रॅन्सम्स कंपनीचे नांगरही हिंदुस्थानात येत होते. या कंपनीच्या संस्थापकाने १८०३ साली ओतीव लोखंडाच्या फाळाची एक युक्ती शोधली होती. ओतताना फाळाची खालची बाजू झटकन थंड केली की ती अधिक कठीण होते. मग वरची बाजू आधी झिजते आणि फाळाची धार आपोआप टिकते. असा कठीण फाळ देशी भट्टीत ओतणे आणि झिजलेल्या फाळाच्या जागी नवा फाळ शेतकऱ्याला वेळेवर मिळवून देणे, ही लक्ष्मणरावांपुढील खरी कामे होती.

त्याहून अवघड काम शेतकऱ्याचा विश्वास मिळविण्याचे होते. लोखंडामुळे जमीन विषारी होते व पिके जळतात, असा समज रूढ होता. आरंभी नांगर फारच थोडे विकले गेले. ज्याचे पोट एका हंगामावर अवलंबून आहे, तो परीक्षा पाहिल्यावाचून अवजार बदलत नाही. लाकडी नांगर गावातला सुतार बलुत्यावर दुरुस्त करून देई. लोखंडी नांगर मोडला तर कोणाकडे जावे, हा प्रश्न शेतकऱ्यापुढे होता. शेतांवर प्रत्यक्ष काम पाहिल्यावर आणि सुटे भाग मिळत असल्याची खात्री पटल्यावर मागणी हळूहळू वाढली.

किर्लोस्करवाडी

धंदा स्थिरावत असतानाच बेळगाव नगरपालिकेने शहराच्या विस्तारासाठी कारखान्याची जागा घेतली. लक्ष्मणरावांकडे त्या काळी औंध येथील सभामंडपाच्या बांधकामाचे काम होते. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड रेल्वे स्थानकाजवळची ३२ एकर जमीन आणि १०,००० रुपयांचे कर्ज देऊ केले. हा माळ निवडुंगाने व्यापलेला होता आणि तेथे सापांचा सुळसुळाट होता. १० मार्च १९१० रोजी तेथे वसाहतीचा आरंभ झाला. पुढे स्थानकालाही किर्लोस्करवाडी हेच नाव मिळाले. आज हे गाव सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात आहे.

वसाहतीत अस्पृश्यता पाळण्यास मनाई होती. शिक्षा भोगून आलेल्या माणसांनाही लक्ष्मणरावांनी पहारेकऱ्याचे काम दिले.

पहिल्या महायुद्धात परदेशी अवजारांची आयात आटली. त्यामुळे देशी नांगरांना मागणी आली, पण कारखान्याला लागणारे कच्चे लोखंडही दुर्मीळ झाले. अशा वेळी कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज यांनी संस्थानातील जुन्या तोफा दिल्या आणि त्या वितळवून नांगर तयार झाले. १९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. नांगरांबरोबर उसाचे चरक, भुईमूग फोडण्याची यंत्रे आणि पाण्याचे पंपही तेथे तयार होऊ लागले. त्याच वर्षी सुरू झालेले किर्लोस्कर खबर हे पत्रक पुढे किर्लोस्कर या नावाने मराठीतील नामवंत मासिक बनले.

उत्तरकाळ

लक्ष्मणरावांचे पुत्र शंतनुराव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधून शिक्षण घेऊन कारखान्यात दाखल झाले. १९४६ साली पुण्यात तेलइंजिनांचा आणि बंगळूरला विजेच्या यंत्रांचा स्वतंत्र उद्योग उभा राहिला. १९४८ मध्ये गांधीहत्येनंतर उसळलेल्या दंगलीत किर्लोस्करवाडीच्या कारखान्याला आग लावण्यात आली. त्या वेळी लक्ष्मणरावांचे वय ७८ वर्षांचे होते. कारखाना पुन्हा उभारण्यात आला. २० जून १९६९ रोजी, त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त, भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

कार्याचे महत्त्व

लक्ष्मणरावांच्या नांगरानंतर एकाच वर्षाने, १९०४ साली, कॅलिफोर्नियात बेंजामिन होल्ट यांनी साखळीपट्ट्यावर चालणाऱ्या क्रॉलर ट्रॅक्टरची चाचणी घेतली. तेथील भुसभुशीत जमिनीत वाफेच्या अवजड ट्रॅक्टरची चाके रुतत असत. रुंद पट्ट्यावर भार विभागला गेल्याने यंत्र वर राहू लागले. दोघांनाही यंत्राचा आराखडा जमिनीच्या स्वभावावरून ठरवावा लागला. होल्ट यांच्यापुढे शेकडो एकरांची शेते होती. लक्ष्मणरावांपुढे थोडी जमीन आणि मोजके बैल असलेला शेतकरी होता. म्हणून त्यांनी बैल न बदलता नांगर बदलला. स्वातंत्र्यानंतर मध्य भारतातील कांस गवताने पडीक झालेल्या जमिनी मोडण्यासाठी केंद्र सरकारने मोठे क्रॉलर ट्रॅक्टर वापरले आणि पुढे चाकांचे ट्रॅक्टर गावोगाव पोहोचले. आज ट्रॅक्टरला जोडल्या जाणाऱ्या पलटी नांगरातही माती कापणारा, झिजल्यावर बदलता येणारा फाळ आणि ती पालथी घालणारा पंख हीच रचना आढळते.