वकील लिंकन

अमेरिकेत आज ज्याला वकील व्हावयाचे असते, त्याला बहुधा चार वर्षे महाविद्यालयात आणि पुढे तीन वर्षे कायद्याच्या विद्यालयात अध्ययन करावे लागते. त्यानंतर राज्याची परीक्षा असते ती वेगळीच. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मात्र तेथे अशी विद्यालये फार थोडी होती. एखाद्या अनुभवी वकिलाच्या कचेरीत उमेदवारी करावी, त्याच्या कागदपत्रांच्या नकला कराव्यात आणि त्याची पुस्तके वाचून कायदा शिकावा, अशी रीत होती. अब्राहम लिंकनच्या वाट्याला ही उमेदवारीही आली नाही.

लिंकनचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ रोजी केंटकी राज्यात, लाकडी ओंडक्यांच्या एका झोपडीत झाला. तो नऊ वर्षांचा असताना त्याची आई वारली. शेतात राबण्यात आणि लाकडे फोडण्यात त्याचे बालपण सरले. सारे दिवस मिळवले तरी त्याची शाळा एक वर्षाची भरत नव्हती. पुढे इलिनॉय राज्यातील न्यू सेलम या खेड्यात त्याने भागीदारीत दुकान काढले. पण ते बुडाले आणि काही काळाने भागीदारही वारला. तेव्हा भागीदाराच्या वाट्याचे कर्जही लिंकनने आपल्या शिरावर घेतले आणि पुढे कित्येक वर्षे खपून ते फेडले. पोटासाठी तो टपाल सांभाळी, लोकांच्या जमिनी मोजून देई.

१८३४ साली तो राज्याच्या विधिमंडळावर निवडून आला. जॉन स्टुअर्ट नावाच्या वकिलाने त्याला कायदा शिकण्यास उत्तेजन दिले व आपली पुस्तके वापरावयास दिली. ही पुस्तके सुमारे वीस मैलांवरील स्प्रिंगफील्ड गावाहून आणावी लागत. शिकविणारा कोणी नव्हता. लिंकन एकटाच वाची, मनन करी आणि समजले नाही तर पुन्हा वाची. १८३६ साली त्याला वकिलीची सनद मिळाली. पुढच्याच वर्षी तो स्प्रिंगफील्डला जाऊन स्टुअर्टचा भागीदार झाला.

त्या काळी न्यायाधीश आणि वकील वर्षातून दोनदा गावोगाव फिरून खटले चालवीत. लिंकनही त्यांच्याबरोबर घोड्यावरून हिंडे. महत्त्वाचे कागद तो आपल्या उंच टोपीत ठेवी. परंतु त्याचे प्रत्येक काम भूषणावह होते असे नाही. १८४७ साली एका कृष्णवर्णीय मातेला व तिच्या मुलांना आपले गुलाम म्हणवणाऱ्या मालकाचे वकीलपत्र त्याने घेतले होते. न्यायालयाने लिंकनचे म्हणणे अमान्य करून त्या कुटुंबाला मुक्त केले. कायद्याचे ज्ञान हे धारदार शस्त्र आहे. ते कोणासाठी उचलावे, हे पुस्तक सांगत नाही.

१८५८ साली डफ आर्मस्ट्राँग या तरुणावर खुनाचा खटला चालला. न्यू सेलमच्या गरिबीच्या दिवसांत त्याच्या आईवडिलांनी लिंकनला घरच्यासारखे वागविले होते. आता वडील हयात नव्हते. विधवा मातेसाठी लिंकन धावून गेला. त्या रात्री चंद्राच्या प्रकाशात आपण घाव घालताना स्पष्ट पाहिले, असे एक साक्षीदार सांगत होता. लिंकनने त्याच्याकडून तेच पुनःपुन्हा वदवून घेतले आणि मग शांतपणे त्या वर्षाचे पंचांग न्यायालयापुढे ठेवले. घटनेच्या वेळी चंद्र मावळतीला टेकला होता! साक्ष डळमळली आणि डफ निर्दोष सुटला. त्या मातेकडून लिंकनने एक पैही घेतली नाही.

१८६० साली लिंकन अमेरिकेचा अध्यक्ष निवडला गेला. लवकरच देशात यादवी युद्ध पेटले. त्या धामधुमीत, १ जानेवारी १८६३ रोजी, त्याने बंडखोर राज्यांतील गुलामांच्या मुक्ततेची घोषणा केली. पण युद्धकाळातील घोषणा पुढे टिकेल की नाही, ही शंका त्याच्यातील वकिलाला स्वस्थ बसू देईना. म्हणून गुलामगिरी राज्यघटनेनेच कायमची बंद व्हावी, यासाठी त्याने आपली सारी शक्ती वेचली. जानेवारी १८६५ मध्ये तेथील संसदेने तशी घटनादुरुस्ती संमत केली. डिसेंबरात राज्यांची मान्यता मिळून ती अमलात आली. परंतु ते पाहण्यास लिंकन उरला नव्हता. मारेकऱ्याच्या गोळीने १५ एप्रिल १८६५ रोजी त्याचा अंत झाला होता.

एकेकाळी ज्याने मालकाच्या बाजूने वाद केला, त्यानेच अखेर लक्षावधी गुलामांची बाजू घेऊन ती कायद्यात कोरून ठेवली.