पंडिता रमाबाई : विद्येकडून हस्तकौशल्याकडे

पंडिता रमाबाईंचे चरित्र मराठी वाचकांपुढे बहुधा दोन अंगांनी येते. एक, त्यांच्या अलौकिक संस्कृत विद्वत्तेचे. दुसरे, त्यांच्या धर्मांतराचे आणि त्यावर उठलेल्या वादळाचे. या दोहोंच्या मध्ये त्यांच्या आयुष्याचे एक तिसरे अंग झाकले गेले आहे. निराधार मुलींच्या हाती एखादे कसब दिल्याखेरीज त्यांची सुटका नाही, या जाणिवेने त्यांनी उभे केलेले शिक्षण हे ते अंग होय.

या जाणिवेचे मूळ त्यांच्या बालपणात आहे. २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात त्यांचा जन्म झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकमताचा विरोध पत्करून पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकविले. रमाबाईंना ती विद्या पुढे मुख्यतः आईकडून लाभली. घरची संपत्ती आटल्यावर हे कुटुंब तीर्थाटन करीत आणि पुराणे सांगत देशभर हिंडले. १८७४ च्या सुमारास दक्षिणेतील दुष्काळाने त्यांना गाठले. पुराणश्रवणाची दक्षिणा थांबली. भिक्षा मागणे अभिमानास मानवेना, अंगमेहनतीचे काम जातीस शोभेना, आणि पोट भरेल असे दुसरे कोणतेही काम कोणास शिकविलेले नव्हते. आधी वडील, मग आई आणि त्यानंतर थोरली बहीण, अशी माणसे उपासमारीत गेली. हजारो श्लोक मुखोद्गत असलेल्या या घरात मूठभर धान्य मिळवून देईल अशी एकही कला नव्हती. हे सत्य रमाबाईंनी पुढे आपल्या दुष्काळाच्या आठवणींत कोणताही आडपडदा न ठेवता नमूद केले.

१८७८ मध्ये भाऊ श्रीनिवास यांच्यासह त्या कलकत्त्यास पोहोचल्या. तेथील विद्वानांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्यांनी गौरविले. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी बंगाली वकील बिपिनबिहारी दास मेधावी यांच्याशी त्यांनी आंतरजातीय नोंदणी विवाह केला. १८८२ च्या आरंभी पटकीने पतीचे निधन झाले. कडेवर मनोरमा ही तान्ही मुलगी, अशा स्थितीत त्या पुण्यास आल्या. तेथे त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला आणि हंटर आयोगापुढे स्त्रीशिक्षणाच्या बाजूने साक्ष दिली. १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्यावर त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानाच्या निमित्ताने त्या अमेरिकेस गेल्या. तेथे त्यांनी फ्रोबेलच्या बालशिक्षणपद्धतीचा अभ्यास केला. पाहणे, हाताळणे आणि घडविणे यांतून शिकावे, हे या पद्धतीचे मर्म होते. केवळ पाठांतरातून विद्या मिळविलेल्या पंडितेला त्यात आपल्या शिक्षणातील उणीव दिसली असल्यास नवल नाही. १८८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उच्चवर्णीय हिंदू स्त्रीविषयीच्या इंग्रजी ग्रंथात त्यांनी बालविधवांसाठी निवासी शाळांची योजना मांडली. अध्यापनाबरोबर परिचर्या आणि हस्तव्यवसाय यांनाही त्या योजनेत स्थान होते. अमेरिकेतील हितचिंतकांनी रमाबाई असोसिएशन स्थापून दहा वर्षांच्या साहाय्याचे वचन दिले.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्यास हलले. पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई हिचा विवाह १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी झाला. त्याच वर्षी मुलींना ख्रिस्ती धर्माकडे वळविले जात असल्याचा आरोप तीव्र झाला. सल्लागार मंडळातील रानडे आणि भांडारकर यांच्यासारखे सुधारक दूर झाले, आणि पुष्कळ पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. शारदा सदन उच्चवर्णीय विधवांसाठी होते. तेथील शिक्षणाचा भर स्वाभाविकपणे पुस्तकी विद्येवर होता.

१८९६–९७ च्या दुष्काळाने या कार्याचे स्वरूपच पालटले. त्या काळी मध्य प्रांतात नागपूर, जबलपूर यांच्याबरोबर छत्तीसगढातील रायपूर आणि बिलासपूर हे जिल्हेही मोडत, आणि या दुष्काळाचा मोठा तडाखा त्या प्रांताला बसला. आपल्या घरावर कोसळलेले संकट आठवून रमाबाई तेथे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व स्त्रिया त्यांनी आणल्या. पुण्यात प्लेगची साथ असल्याने त्यांना शहरात ठेवता येईना. तेव्हा पूर्वीच घेतलेल्या केडगावच्या सुमारे शंभर एकर शेतावर त्यांची सोय झाली. हेच पुढे मुक्ती सदन होय. १९०० मधील गुजरातच्या दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या आसपास पोहोचली.

या मुली निरनिराळ्या जातींच्या आणि भाषांच्या होत्या; बहुतेकींना अक्षरओळख नव्हती. अमेरिकेच्या मदतीची मुदतही १८९८ मध्ये संपत होती. म्हणून शिकणे आणि राबणे यांची सांगड घालणे तत्त्वाप्रमाणेच निकडीपोटीही आवश्यक ठरले. शेती, दूधदुभते, तेलघाणी, हातमाग, शिवणकाम, भटारखाना आणि छापखाना असे विभाग उभे राहिले. अंध मुली ब्रेल लिपी व टोपल्या विणणे शिकल्या. अगोदर आलेल्या मुलीने मागाहून आलेलीला हाताशी धरून शिकवावे, असा उमेदवारीचा क्रम येथे रुळला. जन्माने सुताराच्या वा विणकराच्या घरात नसलेल्या मुलीस असे कसब मिळणे, हे जातिबद्ध कारागिरीच्या समाजात लहान परिवर्तन नव्हते.

छापखान्याचे महत्त्व वाङ्मयाच्या अभ्यासकास विशेष वाटेल. देवनागरी जुळणीत जोडाक्षरे आणि मात्रा यांमुळे शेकडो निरनिराळे खिळे हाताळावे लागत, आणि जुळाऱ्याला अक्षरे उलटी वाचावी लागत. काल निरक्षर असलेल्या मुलीला येथे लिपी आणि धंदा एकाच वेळी साध्य होई. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले, ते याच मुलींसारख्या वाचकांसाठी. प्रचलित भाषांतरातील संस्कृतप्रचुर शब्द त्यांना दोन कारणांनी नकोसे वाटत : ते अल्पशिक्षित स्त्रियांना दुर्बोध होते आणि हिंदू धर्मकल्पना सोबत आणीत. संस्कृतच्या पंडितेने बुद्ध्याच साधी बोली स्वीकारावी, ही मराठी गद्याच्या इतिहासातील अपूर्व घटना होय.

या कार्याचे मूल्यमापन करताना एक प्रश्न टाळता येत नाही. उपाशी आलेल्या मुलींना अन्न, आसरा आणि कसब यांबरोबर नवा धर्मही मिळाला. त्या अवस्थेत त्यांची निवड कितपत मुक्त होती? रमाबाईंची श्रद्धा निःसंशय प्रामाणिक होती. तथापि तेवढ्याने हा प्रश्न मिटत नाही. उलट, या एका आक्षेपापायी केडगावच्या उद्योगशिक्षणाकडे मराठी विद्वत्तेने दीर्घकाळ पाठ फिरविली, हेही न्याय्य म्हणता येणार नाही.

१९२१ मध्ये मनोरमेचे निधन झाले आणि संस्थेची भावी धुरीण हरपली. बायबलच्या भाषांतराचे काम तडीस नेऊन ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी केडगाव येथे देह ठेवला. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये मुक्तीच्या छापखान्यातून बाहेर पडला. त्याच्या पानापानांमागे, दुष्काळात रस्त्यावर पडलेल्या आणि येथे येऊन अक्षर व कसब शिकलेल्या स्त्रियांचे हात होते.