मेंदूच्या लाटांचा पहिला वाचक

गाढ झोप म्हणजे मेंदूची सुट्टी, असे आपल्यापैकी पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात त्या वेळी मेंदूत उठणाऱ्या लाटा जागेपणीच्या लाटांपेक्षा कितीतरी मोठ्या असतात. माणसाच्या मेंदूचा पहिला आलेख काढणाऱ्या हान्स बर्गरची कहाणी मला म्हणूनच विलक्षण वाटते. हा माणूस शोधायला निघाला एक आणि हाती लागले दुसरेच!

बर्गरचा जन्म 1873 चा, जर्मनीतल्या कोबुर्गजवळचा. खगोलशास्त्रज्ञ व्हायचे म्हणून तो गणित शिकत होता. लष्करी सेवेत असताना एकदा घोडा बिथरला आणि तो थेट तोफेच्या गाड्यापुढे पडला. गाडा थांबला म्हणून वाचला. त्याच संध्याकाळी खुशाली विचारणारी वडिलांची तार आली. भावावर काही संकट आले आहे, असे थोरल्या बहिणीच्या मनाने घेतले होते. एका मनातले दुसऱ्या मनाला कळते कसे? या प्रश्नाने त्याला पछाडले. गणित सोडून तो डॉक्टर झाला आणि 1897 मध्ये येना येथील मनोरुग्णालयात रुजू झाला.

1924 मध्ये त्याने माणसाच्या मेंदूतली वीज प्रथम टिपली. ती इतकी क्षीण, की त्याचा स्वतःचाच विश्वास बसेना. पाच वर्षे त्याने पडताळणी केली, मुलावरही प्रयोग केले आणि 1929 मध्ये निबंध छापला. डोळे मिटून स्वस्थ बसलेल्या माणसात सेकंदाला साधारण दहा लाटा दिसत. डोळे उघडले की त्या विरून जात. 1934 मध्ये केंब्रिजच्या एड्रियन आणि मॅथ्यूज यांनी दुजोरा दिला, तेव्हा कुठे जगाला ते पटले. मनकवडेपणाचे कोडे मात्र सुटले नाही.

विसाव्यात लाट मोठी का होते? आमच्या नाशकात सणाच्या दिवशी रविवार कारंजावर हजार माणसे बोलतात, पण ऐकू येतो तो नुसता गलका. तीच माणसे रामकुंडावर आरतीला टाळ्या वाजवू लागली, की एकच ठेका घुमतो. जागा मेंदू म्हणजे बाजार, झोपलेला मेंदू म्हणजे आरती. गाढ झोपेत असंख्य पेशी एकदम गप्प होतात आणि एकदम बोलू लागतात. ही लय सेकंदाला एकाहूनही कमी. ती 1993 मध्ये स्टेरियाडे या शास्त्रज्ञाने दाखवली. दिवसभरातले शिकलेले पक्के होण्याशी तिचा संबंध असतो. अशी लय निर्जीव वस्तूंतही जुळते. एकाच आधाराला टांगलेल्या दोन घड्याळांचे लंबक आपोआप एका तालात येतात, हे हायगेन्सने 1665 मध्येच पाहिले होते.

बर्गरच्या आयुष्याला मात्र एक काळी किनार आहे. नाझी राजवटीत सक्तीच्या नसबंदीचे निकाल देणाऱ्या न्यायालयाचे काम त्याने केले. त्या कायद्याच्या यादीत आनुवंशिक अपस्मारही होता. 1938 मध्ये तो निवृत्त झाला आणि 1941 मध्ये नैराश्याच्या भरात त्याने जीवन संपवले.

आज फेपरे येणाऱ्या मुलाला आईबाप दवाखान्यात नेतात, तेव्हा डॉक्टर बर्गरनेच दिलेला ईईजी काढतात. आजार कळतो, औषध मिळते, पोर शाळेत जाऊ लागते. ज्या रुग्णांना त्याच्या काळातल्या कायद्याने नाकारले, त्यांनाच त्याच्या शोधाने आधार दिला. शोधाचे ऋण मी मानतो. पण शोध लावणाऱ्याला देव्हाऱ्यात बसवायला माझे मन धजत नाही.