कैदिणींची कैवारी एलिझाबेथ फ्राय

मनुष्याचा स्वभाव पालटतो तरी कशानें? शिक्षेच्या भीतीनें, बक्षिसाच्या आशेनें, कीं दुसऱ्याच्या उपदेशानें? हा प्रश्न शिक्षकांना, आईबापांना आणि राज्यकर्त्यांना सारखाच पडत आला आहे. सुमारें दोनशें वर्षांपूर्वीं इंग्लंडांतील एका लेंकुरवाळ्या स्त्रीनें ह्या प्रश्नाचें उत्तर तुरुंगांत जाऊन शोधलें. तिचें चरित्र मुलांनीं व त्यांच्या पालकांनीं मननपूर्वक वाचावें असें आहे.

एलिझाबेथ गर्नी हिचा जन्म ता. २१ मे १७८० रोजीं नॉर्विच शहरीं झाला. तिच्या घराण्याची मोठी सावकारी पेढी होती. घराणें क्वेकर पंथाचें होतें. साधी राहणी व युद्धाचा निषेध यांविषयीं हा पंथ प्रसिद्ध आहे; परंतु गर्नींच्या घरीं त्याचे नियम फारसे कडकपणें पाळले जात नसत. गाणेंबजावणें व भपकेदार पोशाख ह्यांत मुलींचे दिवस जात. एलिझाबेथ बारा वर्षांची असतां तिची आई वारली. १७९८ सालीं अमेरिकेहून आलेल्या विल्यम सेव्हरी नांवाच्या क्वेकर उपदेशकांचें भाषण तिनें ऐकलें. त्या दिवशीं तिच्या पायांत तांबड्या नाड्यांचे जांभळे बूट होते! भाषणानें तिच्या मनांत खळबळ उडाली; तथापि ती एका रात्रींत पालटली नाहीं. पुढें ती लंडनास गेली, तेथील नाटकें व मेजवान्या तिनें पाहिल्या, आणि दोन्ही मार्ग मनांत तोलून मगच साधा मार्ग पत्करला. गरिबांचीं मुलें घरीं जमवून ती त्यांस शिकवूं लागली.

१८०० सालीं जोसेफ फ्राय यांच्याशीं तिचा विवाह झाला व ती लंडनास राहावयास गेली. ह्या दांपत्यास अकरा अपत्यें झालीं. १८१३ सालीं स्टीफन ग्रेलेट नांवाच्या क्वेकर गृहस्थांनीं न्यूगेट तुरुंगांतील स्त्रियांची दैना फ्रायबाईंच्या कानीं घातली. बाई तेथें गेल्या, तों सुमारें तीनशें स्त्रिया आपल्या मुलांसह थोड्याशा जागेंत कोंडलेल्या! कोणाचा खटला अजून व्हावयाचा होता, तर कोणाला फांशीची शिक्षा झालेली होती. पुरेसें वस्त्र नाहीं, अंथरूण नाहीं. जेथें स्वयंपाक तेथेंच निजणें. शिवीगाळ, दारू व मारामारी ह्यांस तर अंतच नव्हता. त्या काळीं इंग्लंडांत दोनशेंहून अधिक अपराधांस देहांताची शिक्षा सांगितलेली होती. तरीहि गुन्हे थांबले नव्हते.

त्या वेळीं बाईंनीं उघड्या बाळांना कपडे नेऊन दिले. पुढें संसाराच्या अडचणींमुळें व पोटची एक लहान मुलगी वारल्यामुळें तीन वर्षें तशींच गेलीं. १८१६ सालच्या अखेरीस त्या पुन्हां न्यूगेटांत शिरल्या. त्यांनीं उपदेश बाजूस ठेवून त्या मातांना एवढेंच विचारलें कीं, तुमच्या मुलांसाठीं येथें शाळा काढावी काय? ज्या स्त्रियांना स्वतःची लाज उरली नव्हती, त्यांनाहि आपलें मूल शहाणें व्हावें असें वाटत होतें. त्यांनीं आनंदानें होकार दिला, व आपल्यांतूनच मेरी कॉनर नांवाच्या तरुण कैदिणीस शिक्षिका निवडलें. ही मुलगी घड्याळ चोरल्यावरून तुरुंगांत आली होती!

मुलांचें पाहून मातांनाहि शिकण्याची व काम करण्याची इच्छा झाली. अधिकाऱ्यांचा मात्र विश्वास बसेना. ह्या बायका काम तर करणार नाहींतच, उलट दिलेलें कापडच चोरतील, असें ते म्हणत. फ्रायबाई डगमगल्या नाहींत. एप्रिल १८१७ मध्यें त्यांनीं कांहीं स्त्रियांचें एक मंडळ स्थापन केलें आणि सर्व कैदिणींस एकत्र बसवून नियम वाचून दाखविले. भीक मागूं नये, शिवीगाळ करूं नये, जुगार खेळूं नये, असे ते नियम होते. प्रत्येक नियम वाचला कीं बाई त्यांचें मत विचारीत, आणि पसंत असल्यास त्या हात वर करीत. अशा रीतीनें सर्व नियम संमत झाले. देखरेखीसाठीं त्यांच्यांतूनच प्रमुख नेमण्यांत आल्या. थोड्याच महिन्यांत त्या कोठडींत शिवणकाम व विणकाम सुरू झालें, आणि पाहावयास येणारे लोक चकित होऊन जाऊं लागले.

१८१८ सालीं पार्लमेंटाच्या समितीनें फ्रायबाईंची साक्ष घेतली. १८२३ च्या कायद्यानें स्त्रीकैद्यांवर स्त्रीरक्षकच असावे असें ठरलें. ऑस्ट्रेलियाकडे हद्दपार होणाऱ्या स्त्रियांनाहि बाईंचें मंडळ सुईदोरा व कापडाचे तुकडे देत असे. १८४१ सालीं ‘राजा’ नांवाच्या जहाजावरील कैदिणींनीं वाटेंत २,८१५ तुकडे जोडून एक सुंदर गोधडी शिवली व ती मंडळाच्या स्त्रियांस कृतज्ञतापूर्वक अर्पण केली. ती आज ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलासंग्रहांत जतन केलेली आहे.

बाईंच्या वांट्यास दुःखहि पुष्कळ आलें. १८२८ सालीं पतीची पेढी बुडाली, व लोकनिंदा सोसावी लागली. पण कार्य सुटलें नाहीं. कैद्यास एकान्तांत कोंडल्यानें तो सुधारतो, हें मत पुढें बळावूं लागलें असतां त्यांनीं त्यास विरोध केला. ता. १२ ऑक्टोबर १८४५ रोजीं रॅम्सगेट येथें त्यांचें देहावसान झालें.

न्यूगेटांतील भिंती त्याच होत्या व स्त्रियाहि त्याच होत्या. नवें एवढेंच होतें कीं, कोणीतरी त्यांच्यांत उरलेली एक चांगली इच्छा हुडकून काढली, हातीं काम दिलें, आणि त्यांच्या होकारावर विश्वास ठेवला. आपला एखादा सोबती किंवा आपलेंच एखादें मूल बिघडलें असें वाटून आपण निराश होतों, तेव्हां त्याच्या दोषांची यादी करण्यापूर्वीं त्याला मनापासून काय हवें आहे हें आपण विचारलें आहे काय?